पुढच्या खोलीतला वॉकर

"हा वॉकर मध्ये येतोय," गेथिन म्हणाला. "काढ तो आधी."

बोळ कसला, समोरासमोर दोन माणसं आली तर एकाने पोट आत घ्यावं इतपतच जागा. स्ट्रेचरच्या एका टोकाला गेथिन, दुसऱ्या टोकाला मेनिर आणि मध्ये ऑल्वेन प्रॉबर्ट. ऐंशी ओलांडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या, ओठ घट्ट मिटून पडलेल्या. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या आणि गोठलेल्या फरशीवरून घसरल्या. कामावर निघालेल्या शेजारच्या नेस्टाने पाहिलं, फोन केला, दोन कोट आणून अंगावर घातले आणि अँब्युलन्सच्या गाडीची वाट पाहत शेजारी बसून राहिली. गाडी आली तेव्हा कुठे ती शाळेच्या स्वयंपाकघराकडे पळाली. दीडशे पोरांचं जेवण तिच्या गळ्यात होतं.

मेनिरने वॉकर उचलला. ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तिने डावीकडचं दार ढकललं.

"ती खोली नको गं," ऑल्वेन कण्हत म्हणाल्या. "चांगली खोली आहे ती."

"एवढ्यापुरता ठेवते, मिसेस प्रॉबर्ट."

"मग दार तरी ओढून घे. मांजर शिरतं आत."

वेल्समधल्या नांतगोच गावात पुढची खोली ही बसायची खोली नसतेच. पाद्री चहाला आले तर, नाहीतर घरातलं कुणी गेलं आणि शवपेटी ठेवायची झाली तर, एवढ्यासाठीच ती उघडायची. एरवी तिथे आजीची कपाटं, न वापरलेल्या बशा आणि मेणाचा वास. मेनिरच्या आईच्या घरीही अशीच खोली होती आणि त्या खोलीचं दार उघडं टाकलं म्हणून लहानपणी तिने चापट्याही खाल्ल्या होत्या. तिचा हात आपसूक मागे गेला आणि दार ओढलं गेलं. तेवढ्यात उंबऱ्यावर स्ट्रेचरचं चाक अडकलं, ऑल्वेन किंचाळल्या, दोघांचं सगळं लक्ष त्यांच्याकडे गेलं. वॉकर त्या दाराआड राहिला.

स्वयंपाकघरातून हेडनचा आवाज आला. शेगडीपुढच्या खुर्चीत बसलेला त्यांचा नवरा हेडन प्रॉबर्ट, पाय लुळे पडत चाललेले आणि डोक्यातलं ताजं सगळं पुसून गेलेलं.

"ऑल्वेन! बाजारातून येताना तंबाखू आण माझी."

"आणते हो," ऑल्वेन म्हणाल्या. तंबाखू सोडून त्याला वीस वर्षं झाली होती.

"ह्यांनाही बरोबर घेऊ या का?" मेनिरने विचारलं. "पुढे बसतील."

"तिथे रांगेत? त्याला?" तशाही दुखण्यात बाई हसल्या. "अगं, जन्मभर दुधाचा टँकर चालवला त्याने, पण रांगेत म्हणून कधी उभा राहिला नाही. पोस्टात पुढे दोन डोकी दिसली की घरी परत. एक वेळ उपाशी राहील, पण रांग नको. बशीत झाकून ठेवलंय त्याचं जेवण. शाळा सुटली की नेस्टा येईल. वॉकर आहे ना आता त्याच्याजवळ?"

"आहे, आहे," मेनिर म्हणाली. बोलणाऱ्याच्या होला हो मिळवायची पंचवीस वर्षांची सवय. ती त्या वेळी स्ट्रेचरचे पट्टे आवळत होती.

दवाखाना डोंगराच्या पलीकडे. जायला तासभर, आणि मेंढ्या आडव्या आल्या तर वर आणखी थोडा. पूर्वी खोऱ्यात तीन गाड्या असायच्या. आता एक, आणि ती चालवायला माणूस मिळेल त्या दिवशीच. गेथिनचाही हा शेवटचा आठवडा होता. सोमवारपासून तो एका मोठ्या दुकानाचं वाणसामान घरोघरी पोचवणार होता.

"पगार थोडा जास्त," तो सांगायचा, "आणि कोबी उशिरा पोचला म्हणून मरत नाही."

मेनिर त्यावर हसायची. रागावायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने रागावणार? तिला स्वतःला गेल्या तीन रविवारी सुट्टी मिळाली नव्हती.

दवाखान्याच्या आवारात शिरताच गेथिनने शीळ घातली. तातडीच्या विभागाच्या दारापासून थेट वाहनतळापर्यंत पिवळ्या-हिरव्या गाड्यांची माळ लागली होती. प्रत्येक गाडीत एक पेशंट आणि त्याला धरून बसलेले दोघे. आत खाट नाही. खाट असली तर तिच्याशी उभं राहायला नर्स नाही. आणि आतल्या माणसाने पेशंट ताब्यात घेईपर्यंत गाडीने जागचं हलायचं नाही. मग खोऱ्यात कुणाचं काही का होईना, गाड्या इथे दाराशी ताटकळत उभ्या.

"किती वेळ लागेल गं?" ऑल्वेननी विचारलं.

"लागेल थोडा."

"खोटं बोलताना तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, पोरी."

बावन्न वर्षांच्या मेनिरला पोरी म्हणणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं. तिने ऑल्वेनच्या टाचांखाली दुमडलेला टॉवेल सरकवला. एकाच जागी पडून म्हाताऱ्या टाचांची कातडी सोलवटते आणि मग हाडाचं दुखणं राहतं बाजूला, त्या जखमाच महिनोन्‌महिने छळतात. शस्त्रक्रिया कधी होईल सांगता येत नव्हतं, म्हणून चहाचा घोट द्यायलाही बंदी होती. मेनिर ओल्या बोळ्याने त्यांचे ओठ पुसत राहिली. बेडपॅन द्यायच्या वेळी तिने गेथिनला बाहेर पिटाळलं, खिडकीवर स्वतःचा कोट अडकवला आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बाईंची लाज राखली.

दुपार कलायला लागली तेव्हा ती पाय मोकळे करायला खाली उतरली. दवाखान्याच्या दारातून एक म्हातारा वॉकर टेकत टेकत सिगारेट ओढायला बाहेर येत होता. मेनिर त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसली, आणि हसता हसताच तिची नजर त्याच्या वॉकरवर थांबली.

ती पुढच्या बाजूने गाडीत चढली आणि गेथिनच्या शेजारी बसली. मधली काच बंद केली.

"वॉकर तू परत ठेवलास का रे?"

"कुठला?"

"प्रॉबर्टांचा."

गेथिनने तोंडातलं सँडविच चावायचं थांबवलं. "तू ठेवला होतास ना?"

"पुढच्या खोलीत. दार ओढून घेतलं मी."

त्या खोलीत हेडन डोकावणार नव्हता. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, तरी लहानपणी चापट्या खाऊन शिकलेलं पुसलं जात नाही. त्या खोलीत रोजचं काही नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

मेनिरने नियंत्रण कक्षाला कळवलं. पलीकडच्या मुलीचा सकाळपासून बोलून बोलून घसा बसलेला.

"पेशंट पडलाय का?"

"नाही, पण पडेल. वॉकर नाहीये त्याच्याजवळ. कुणाला तरी नुसतं डोकावायला पाठवा."

"मेनिर, खरोखर पडलेले लोक इथे माझ्याकडे थांबलेत. पोलिसांना विचारलं, त्यांच्याकडेही माणूस नाही. पडला तर कळव." मग तिलाच आपलं बोलणं कसं तरी वाटलं असावं. "सॉरी गं," ती हळूच म्हणाली.

नेस्टाचा फोन लागेना. शाळेच्या स्वयंपाकघरात फोन कपाटात ठेवायला लावतात. शाळेच्या कचेरीत कुणी उचलत नव्हतं. मग मेनिरने सरळ हेडनच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती: मिस्टर प्रॉबर्ट, तुम्ही खुर्चीतून उठू नका, वॉकर पुढच्या खोलीत आहे, नेस्टा येईपर्यंत बसून राहा. घंटा वाजतच होती.

"फोन कुठेय त्यांच्याकडे?" गेथिनने विचारलं.

मेनिरला तो बोळ डोळ्यांपुढे दिसला. आरसा. आरशाखाली फळी. फळीवर फोन आणि बरोब्बर त्याच्याखाली, जिथून तिने वॉकर उचलला होता ती रिकामी जागा.

तिने झटकन फोन बंद केला. पण माणूस खुर्चीतून उठावा इतक्या घंटा वाजून गेल्या होत्या.

मागे जाऊन ती ऑल्वेनजवळ बसली. त्यांचा हात हातात घेतला. सांगावं की सांगू नये, हेच कळेना. सांगून त्या काय करणार होत्या? न सांगून तरी मेनिर काय करणार होती? सगळं आयुष्य तिने लोकांच्या दाराशी वेळेवर पोचण्यात घालवलं होतं, आणि आज चार चाकं, भरलेली टाकी आणि चालवायला माणूस असून ती इंजिन बंद केलेल्या गाडीत बसली होती. तिला संताप आला. पण तो काढायचा कुणावर? आतली नर्स तिच्याहून जास्त थकलेली होती.

वायरलेस खरखरला तेव्हा तिचा अंदाज होताच. "सर्व गाड्यांना," घसा बसलेला आवाज म्हणाला, "नांतगोच. वयस्क पुरुष, घरात पडलेला, शुद्ध हरपत चाललीय. शेजारीण जवळ आहे. कुणी मोकळं होऊ शकतं का?"

आवारातल्या प्रत्येक गाडीत तो आवाज पोचला. उत्तर द्यायला कुणी मोकळंच नव्हतं.

"नांतगोच म्हणाली ना ती?" ऑल्वेननी विचारलं. बाईंचे कान शाबूत होते. "आमच्या गावात वयस्क पुरुष तिघंच. त्यातला एक गेल्या महिन्यापासून मुलीकडे राहतोय, दुसरा अंथरुणातून उठतच नाही."

मेनिरने त्यांच्याकडे पाहिलं. "हेडन पडलेत," ती म्हणाली. "आणि वॉकर त्यांच्याजवळ नव्हता. मी पुढच्या खोलीत ठेवला आणि तिथेच विसरले. माझी चूक झाली."

तिला वाटलं होतं, बाई हात काढून घेतील. त्यांनी काढला नाही. 

"दार ओढ म्हणून मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मांजराचं नुसतं निमित्त, जपायच्या होत्या चारचौघांत मिरवायच्या त्या बशा. जा, पोरी. माझ्याजवळ बसून काय करतेस? मी कुठे पळून जाणार आहे?"

मेनिर धावत आत गेली. आत मारिसेल होती. नऊ जणींचं काम चौघींवर होतं आणि त्या चौघींची ती प्रमुख नर्स. फिलिपिन्समधून येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की शिव्या ती वेल्समधल्याच द्यायची.

"मला सोड," मेनिर म्हणाली. "माझ्या पेशंटला घे. तिचा नवरा घरी मरायला टेकलाय."

"कुठे घेऊ? माझ्या डोक्यावर?" मारिसेलने हाताने दाखवलं. कपड्यांच्या कपाटासमोर एक बाई, लिफ्टच्या दाराशी दोघं, हात धुवायच्या जागेजवळ खुर्चीत सलाइन लावलेला पोरगेला बाप्या. "खोटं वाटतंय? तूच शोध जागा. मिळाली तर मलाही सांग, मी सकाळपासून बसले नाहीये."

"मारिसेल."

"मला ठाऊक आहे गं." तिचे डोळे एकदम भरून आले, आणि ते आपल्याला परवडणारं नाही अशा घाईने तिने मनगटाने पुसले. "मोडलेला खुबा मी खुर्चीत नाही बसवू शकत. बसता येणारा एखादा असता तर निदान..."

बसता येणारा. मेनिर उलट्या पावली बाहेर धावली.

त्यांच्या मागच्याच गाडीवर ट्यूडर होता. त्याचा पेशंट आयव्हर, पूर्वीचा पाववाला, छातीत कफ भरलेला, पण खुर्चीत ताठ बसून सगळ्या जगाला नावं ठेवत होता.

"ह्यांना माझ्या गाडीत दे," मेनिर म्हणाली. "माझ्याकडे खुर्ची रिकामी आहे. दोघांनाही मी बघते. तू मोकळा होशील."

"हे चालतं का?" ट्यूडरने विचारलं.

"चालत नाही."

दारात उभ्या असलेल्या मारिसेलने हे ऐकलं. तिने पाठ फिरवली आणि मोठ्याने, कुणाला उद्देशून नाही अशी, म्हणाली, "मी बाई आत चालले. मला काही दिसलेलं नाही."

आयव्हरला ऑक्सिजनच्या नळीसकट, बुटांसकट आणि तक्रारींसकट इकडे आणलं. ट्यूडरची गाडी निळे दिवे लावून आवाराबाहेर पडली. तिच्यामागे पाहत असताना मेनिरने डोंगर, वळणं, मेंढ्या सगळं मनात मोजून पाहिलं आणि मोजणं सोडून दिलं.

"सकाळपासून ह्यांनी मला लोणच्यासारखं मुरत घातलंय," आयव्हर ऑल्वेनना सांगत होता. "मेलो असतो तर एव्हाना पेटीत तरी आडवं पडायला मिळालं असतं."

"माझा नवरा पडलाय," ऑल्वेन म्हणाल्या.

आयव्हरने खिशातून पेपरमिंटची पुडी काढली, बाईंपुढे धरली, मेनिरने नकारार्थी मान हलवल्यावर परत ठेवली. "कोण? टँकरवाला हेडन? अहो, त्याला मी ओळखतो. माझ्या दुकानात भाऊगर्दी असली की काउंटरला वळसा घालून, स्वतःचा पाव स्वतः घेऊन, पैसे गल्ल्यावर ठेवून चालता व्हायचा. लोक शिव्या द्यायचे."

"तोच," ऑल्वेन म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "तोच तो."

मग त्या तिघांनी वाट पाहिली. रांग दोन गाड्यांनी सरकली. गेथिनने कुठूनसा चहा आणला आणि आयव्हरला दिला. ऑल्वेनच्या ओठांना मेनिरने पुन्हा ओला बोळा लावला. मध्येच एकदा ऑल्वेननी विचारलं, "त्याने जेवण केलं असेल का गं?" आणि मेनिर म्हणाली, "ठाऊक नाही." ह्या खेपेला तिने होला हो मिळवलं नाही.

आवारातले दिवे लागायच्या सुमाराला निळा उजेड खिडकीवर फिरला. ऑल्वेननी मान वळवली. ट्यूडरची गाडी रांगेच्या शेवटी थांबलीच नाही. सगळ्या गाड्यांना बाजूला टाकून ती सरळ दाराशी गेली. दुसऱ्या गाड्यांतली माणसं पटापट खाली उतरली, कुणी दार धरलं, कुणी स्ट्रेचर ओढलं. ट्यूडरच्या जोडीची मुलगी स्ट्रेचरवर एक पाय टेकवून, हेडनच्या छातीवर दोन्ही हात दाबत तशीच आत गेली. पण हे मेनिरला दिसलं. ऑल्वेनना आडव्या पडल्या जागेवरून दिसलं ते फक्त सगळ्यांना ओलांडून जाणारं स्ट्रेचर आणि त्यावरची घरची तपकिरी चादर.

"सरळ आत नेलं!" त्या म्हणाल्या. चेहरा एकदम उजळला. "पाहिलंस? थांबवलं नाही त्याला. बघा हो आयव्हर, इथेही रांग नाहीच."

"नशीबवान माणूस," आयव्हर म्हणाला, आणि मेनिरचा चेहरा पाहून त्याने आपले डोळे चहाच्या कपात खुपसले.

इथे रांग मोडून आत जाणाऱ्याचा हेवा करायचा नसतो, हे आवारातल्या प्रत्येक गणवेशाला ठाऊक होतं. ज्याच्यासाठी सगळे बाजूला होतात त्याचं काय झालेलं असतं, तेही ठाऊक होतं. मेनिरला ते बोलता आलं नाही. पुढे बाईंना कोण सांगणार, कसं सांगणार, ह्याचा विचारच तिला करवत नव्हता, आणि तरी ते आपणच सांगणार हे तिला कळत होतं.

गाडीचं मागचं दार वाजलं. ट्यूडर होता. त्याच्या शर्टावर घाम होता आणि हातात वॉकर.

"शेजारणीने जबरदस्तीने गाडीत टाकला," तो म्हणाला. "म्हणाली, ह्याच्यावाचून त्यांचं पाऊल उचलत नाही. अख्खं घर धुंडाळलं म्हणे तिने ह्याच्यासाठी." पुढे त्याने काही सांगितलं नाही. मेनिरकडे पाहून मान मात्र नकारार्थी हलवली, अगदी थोडी.

"आणला का?" ऑल्वेननी उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला. "बरं झालं. पोरी, तूच जा घेऊन. मागच्या वेळी वॉर्डात ह्यांनी तो कोपऱ्यात ठेवला होता, बिचारा पलंगाच्या काठावर बसून राहिला. ह्या वेळी हाताला लागेल असा ठेव."

"ठेवते."

"आणि सांग त्याला, मी इथेच बाहेर आहे म्हणून."

गेथिन न बोलता तिच्या जागी येऊन बसला. मेनिर वॉकर घेऊन निघाली. हातात धरून चालताना त्याचे रबरी पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत होते. आत पडद्यामागे मारिसेल पलंगावर ओणवी होती, आणखी दोघं होते, जमिनीवर फाडलेल्या पाकिटांचा कचरा. हेडनचा एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. मेनिर आत शिरली तेव्हा मारिसेलने छातीवरचे हात उचलले, घड्याळाकडे पाहिलं आणि दुसऱ्याला नोंदीसाठी वेळ सांगितली.

मेनिरने हेडनचा हात उचलून चादरीवर ठेवला. मग खाली वाकून ती त्याच्या कानाशी बोलली, "ऑल्वेन बाहेरच आहेत." वॉकर तिने पलंगाला लागून, मुठी त्याच्याकडे करून, त्या हाताच्या अगदी जवळ ठेवला. जरा लांब वाटला म्हणून आणखी थोडा पुढे सरकवला.

मारिसेलला पलंगाच्या त्या बाजूला यायचं होतं. "मेनिर," ती हळूच म्हणाली, "तो मध्ये येतोय गं."

"असू दे," मेनिर म्हणाली.

वॉकरला धक्का न लावता, वळसा घालून मारिसेल पलीकडच्या बाजूला गेली.